दहाच्या नोटेवरचा गेंडा: भारतीय नोटांवरच्या वन्यप्राण्यांचा संग्रह कसा सुरू करावा

जानेवारी २०१८ मध्ये चॉकलेटी रंगाची दहाची नवी नोट आली. तिच्या मागच्या बाजूला कोणार्कचं सूर्यमंदिर आहे. त्याआधीच्या दहाच्या नोटेवर, मागे, गेंडा, हत्ती आणि वाघ असे तिघे एकत्र होते. नोट बदलल्याची चर्चा झाली ती रंगाची आणि आकाराची. प्राणी गेले हे फारसं कुणी बोललं नाही. पण तेव्हापासून भारताच्या नव्या नोटांवर मुख्य चित्र म्हणून एकही वन्यप्राणी उरलेला नाही.

ती जुनी नोट मात्र अजून चलनात आहे, कायदेशीर आहे आणि भाजीवाल्याकडच्या सुट्ट्यांत मिळते. म्हणून नोटा जमवण्याची ज्याला नुकतीच आवड लागली आहे त्याला मी हाच विषय सुचवतो. खर्च कमी, सुरुवात घरातून आणि पुढे जायला १९३८ पर्यंतचा रस्ता मोकळा. कुठून सुरुवात करायची, काय बघायचं, पैसे कुठे जपायचे, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: संग्रहात काय घ्यायचं ते आधी ठरवा

सगळ्यात मोठा प्रश्न सिंहाचा. अशोकस्तंभावरचे सिंह जवळजवळ प्रत्येक नोटेवर आहेत. ते धरले तर भारताची प्रत्येक नोट ‘वन्यजीवांची नोट’ होते आणि विषयाला काही अर्थ राहत नाही. ते राजचिन्ह आहे, सारनाथचं शिल्प आहे. ते बाहेर ठेवा. काठावरच्या नक्षीत कुठे हत्ती किंवा पक्षी दिसतात, तेही बाहेर. नियम सोपा ठेवा: मागच्या बाजूचं मुख्य चित्र प्राण्याचं किंवा पक्ष्याचं असेल तरच नोट आत.

या नियमाने पाच गट हाताशी लागतात: दहाच्या नोटेवरचे तिघे, दहाचाच मोर, दोनचा वाघ, पाचची हरणं आणि शंभरचे हत्ती. स्वातंत्र्याआधीच्या नोटा हा सहावा, पण तो सावकाश.

पायरी २: दहाच्या नोटेपासून सुरुवात करा

महात्मा गांधी मालिका १९९६ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातल्या दहाच्या नोटेवर हे तीन प्राणी आले. नारंगी-जांभळा रंग, आकार १३७ × ६३ मिलिमीटर. नवी चॉकलेटी नोट लांबीला १२३ मिलिमीटरच आहे, त्यामुळे गठ्ठ्यातून जुनी नोट नुसत्या लांबीवरून बोटाला कळते.

एक नोट टेबलावर ठेवा, खिडकीजवळ, आणि साधं दहापट भिंग घ्या. आधी गेंड्याकडे बघा. नाकावर एकच शिंग आहे. हा आपला एकशिंगी गेंडा. आफ्रिकेतल्या दोन्ही जातींच्या गेंड्यांना दोन शिंगं असतात, त्यामुळे दक्षिण आफ्रिकेच्या नोटेवरचा गेंडा आणि हा यांत गोंधळ व्हायचं कारण नाही. आपली ही जात आज रानात उरलीय ती फक्त भारत आणि नेपाळच्या पट्ट्यात. २०२२ च्या गणनेत एकट्या काझीरंगात २,६१३ गेंडे मोजले गेले. हत्ती आशियाई, २०१० पासून तो राष्ट्रीय वारसा प्राणी आहे. वाघाबद्दल महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं.

आता नोट उलटी करा. गांधीजींचं चित्र आणि शेजारचा उभा पट्टा यांच्यामधल्या जागेत भिंगातून ‘आरबीआय’ ही अगदी बारीक रोमन अक्षरं दिसतील. ती नुसत्या डोळ्यांना रेषेसारखी वाटतात. या मालिकेतल्या वीस आणि त्यावरच्या बहुतेक नोटांना बोटाला जाणवणारा उठाव असतो. दहाच्या या नोटेला तो नाही, ती सपाट छपाईची आहे. नवखे लोक इथे उगाच घाबरतात आणि नोट खोटी समजतात. मागच्या बाजूच्या भाषापट्टीत पंधरा भाषा आहेत, वरून आठवी ओळ मराठी: दहा रुपये.

एक नोट नीट बघून झाली की तिच्या बहिणी शोधायच्या. हीच नोट वीसेक वर्षं छापली गेली आणि तिच्यावर सहा गव्हर्नरांच्या सह्या आल्या: सी. रंगराजन, बिमल जालान, वाय. व्ही. रेड्डी, डी. सुब्बाराव, रघुराम राजन आणि ऊर्जित पटेल. सहा सह्यांच्या सहा नोटा हे पहिलं लक्ष्य ठेवा. आवाक्यातलं आहे आणि शोधताना नजर तयार होते.

शेवटच्या चार सह्या अजून सुट्ट्यांत सापडू शकतात. रंगराजन आणि जालान अवघड आहेत, आणि त्याला कारण आहे. नोटेच्या मागे खाली मधोमध छपाईचं वर्ष टाकायची पद्धत २००५ पासून सुरू झाली. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने २००५ पूर्वीच्या, म्हणजे वर्ष नसलेल्या, नोटा व्यवहारातून काढून घ्यायला सुरुवात केली. अशी नोट बँकेत गेली की ती परत बाहेर येत नाही. म्हणून वर्ष नसलेली दहाची नोट हातात आली की ती खर्च करू नका, बँकेतही भरू नका.

सह्या जमल्या की बारकाव्यांकडे वळा. क्रमांकाच्या चौकटीत फिकट रंगात एखादं रोमन अक्षर छापलेलं असतं, त्याला ‘इनसेट लेटर’ म्हणतात. काही नोटांना ते नसतंच. २०११ पासून ‘₹’ हे चिन्ह आलं. नंतरच्या नोटांवर क्रमांकाचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. आणि स्टार नोट: छपाईत एखादी नोट खराब झाली की तिच्या जागी शंभर नोटांच्या पाकिटात जी नोट घालतात, तिच्यावर अक्षरं आणि आकडे यांच्यामध्ये छोटा तारा असतो. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांवर हे २००६ पासून सुरू झालं. तारा असलेली नोट खोटी असते अशी अफवा समाजमाध्यमांवर पसरली होती, ती खुद्द रिझर्व्ह बँकेला २०२३ मध्ये खोडून काढावी लागली. तुमच्या ओळखीतला कोणी अशी नोट ‘चालणार नाही’ म्हणून देत असेल तर आनंदाने घ्या.

शोधायचं कुठे? भाजीबाजार, किराणा, रिक्षावाले, एसटीचे वाहक, देवळाची देणगीपेटी मोजणारे लोक. घरातल्या जुन्या पोथ्या, लग्नातल्या आहेराची न उघडलेली पाकिटं, आजीची पेटी. आजीला ‘जुन्या नोटा आहेत का’ असं विचारलं तर ती नाही म्हणेल. ‘वाघाची दोनची नोट आठवते का’ असं विचारा, मग पेटी उघडते.

पायरी ३: मागे जायला लागा, पण जोड्या लावत

बहुतेक संग्राहक नोटा वर्षांच्या किंवा किमतीच्या क्रमाने लावतात. प्राण्यांच्या नोटांसाठी मी वेगळी मांडणी सुचवतो, आणि माझ्या मते या विषयाचं खरं बळ तिच्यातच आहे. प्राण्याच्या नोटेशेजारी त्याच किमतीची तिच्या जागी आलेली नोट ठेवा.

प्रजासत्ताकाच्या सुरुवातीच्या शंभरच्या नोटेवर मागे हत्ती होते. पुढे तिथे हिराकूड धरण आलं. पाचच्या नोटेवर हरणं होती, तिथे शेतात चालणारा ट्रॅक्टर आला. दोनच्या नोटेवर वाघाचं मुख होतं, तिथे १९७५ मध्ये अवकाशात गेलेला आर्यभट्ट उपग्रह आला. दहावरचे तिघे गेले आणि कोणार्क आलं. चार जोड्या शेजारी शेजारी ठेवल्या की देशाला त्या त्या काळात स्वतःचं कोणतं रूप दाखवायचं होतं ते समोर दिसतं: आधी जंगलाची श्रीमंती, मग धरणं-यंत्रं-विज्ञान, आणि आता वारसास्थळं. धरणाची नोट सुटी बघितली तर ती नुसती धरणाची नोट असते. हत्तींच्या शेजारी ठेवली की तीच नोट वेगळं बोलायला लागते.

मोराची जोडी जरा निराळी आहे. दहाच्या नोटेवरचा मोर विज्ञान आणि यंत्रांच्या चित्रांच्याच काळात आला, पण तो रानातला मोर म्हणून नाही. वीसच्या नोटेवरचं कोणार्कचं चक्र आणि दहाचा मोर ही दोन्ही चित्रं भारतीय कलेची म्हणून निवडलेली होती. त्यामुळे चित्रातला मोर नक्षीदार आहे, वाघासारखा जिवंत नाही. मी तरी तो संग्रहात धरतो. १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी असलेला मोर बाहेर ठेवायला मन होत नाही. पुढे १९९२ च्या दहाच्या नोटेवर त्याच्या जागी शालिमार बाग आली.

मोराच्या नोटा अजून सहज मिळतात आणि नवख्याने पहिली विकत घ्यायची जुनी नोट हीच असावी. आय. जी. पटेल, मनमोहन सिंग आणि आर. एन. मल्होत्रा यांच्या सह्या असलेल्या नोटा सापडतात. मनमोहन सिंग १९८२ ते १९८५ या काळात गव्हर्नर होते. पुढे ते पंतप्रधान झाल्यामुळे त्यांच्या सहीला मागणी जास्त, पण नोटा भरपूर छापलेल्या आहेत. फार भाव सांगितला तर पुढच्या टेबलाकडे जा.

वाघाच्या दोनच्या नोटेत एक गंमत भाषेची आहे. नव्या प्रजासत्ताकाच्या नोटांवर हिंदीत ‘रुपया’चं अनेकवचन काय लिहायचं यावर वाद झाला आणि १९५३ मध्ये ‘रुपये’ नक्की झालं. त्यामुळे सुरुवातीच्या नोटा आणि नंतरच्या नोटा यांचा मजकूर वेगळा आहे. दुसरा फरक आकाराचा: काटकसर म्हणून १९६७ मध्ये नोटांचे आकार लहान केले गेले. म्हणून वाघ आणि हरणं दोन्ही ‘मोठ्या’ आणि ‘छोट्या’ नोटेत मिळतात. पाचच्या नोटेसाठी तर व्यापारी हरणं मोजूनच नाव देतात, ‘चार हरणांची’, ‘सहा हरणांची’. तुम्हीही मोजून घ्या, कारण दोन्हींच्या भावात फरक असतो.

शंभरचे हत्ती चांगल्या स्थितीत महाग आहेत. त्याहून मागे गेलात तर १९३८ ची राजा सहाव्या जॉर्जची मालिका येते. रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या नावाने काढलेली ही पहिली मालिका. तिच्यात दहाच्या नोटेमागे हत्ती आणि शंभरच्या नोटेमागे वाघाचं मुख आहे. शंभरच्या त्या वाघाच्या नोटांपैकी काहींवर सी. डी. देशमुख यांची सही आहे. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मराठी संग्राहकाला ही नोट हवीशी वाटणारच. पण नकलाही याच नोटांच्या निघतात, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं फक्त बघा.

पायरी ४: विकत घेताना

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी नोटा-नाणीवाले बसतात. मुंबई-पुण्यात दरवर्षी नाण्यांची प्रदर्शनं भरतात. सुरुवात प्रदर्शनातून करा, कारण एकाच नोटेचा भाव चार टेबलांवर विचारता येतो.

नोटेची स्थिती सांगायला ‘यूएनसी’ (कोरी, न वापरलेली), ‘एक्सएफ’ (अगदी थोडी वापरलेली), ‘व्हीएफ’ (वापरलेली, पण चांगली) अशी अक्षरं वापरतात. अक्षरांवर विसंबू नका, नोट हातात घ्या. ती तिरकी धरून उजेड एका बाजूने पडू द्या. घडीची रेघ असली तर सावलीत दिसते. इस्त्री करून किंवा धुऊन ‘कोरी’ केलेली नोट दिसायला सपाट असते, पण तिचा कडकपणा गेलेला असतो आणि रंग उडाल्यासारखा वाटतो. कडा कातरलेल्या आहेत का हे पट्टी लावून मोजा.

पिनेची भोकं हा भारतीय नोटांचा खास विषय आहे. पूर्वी बँका शंभर नोटांचं पाकीट स्टेपल करत असत. रिझर्व्ह बँकेच्या स्वच्छ नोट धोरणाने पुढे ते बंद केलं. त्यामुळे वाघ, हरणं, मोर यांच्या अगदी कोऱ्या नोटेलाही जलचिन्हाच्या बाजूला एक-दोन भोकं असतात. ती नैसर्गिकच समजा. उलट १९६० च्या दशकातली नोट एकही भोक नसलेली म्हणून विकत असतील तर ती उजेडासमोर धरून भोक बुजवलेलं नाही ना ते पाहा.

इंटरनेटवर ‘जुनी नोट द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिराती फिरतात. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून आधी ‘शुल्क’ किंवा ‘कर’ मागतात. बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की ती असा कोणताही व्यवहार करत नाही आणि कुणालाही असे पैसे गोळा करायचा अधिकार दिलेला नाही. कुणी एक रुपया जरी आधी मागितला तरी फोन ठेवा.

आणखी एक. मित्रांना दाखवायला नोटेची रंगीत झेरॉक्स काढू नका. चलनी नोटेसारखा दिसणारा कागद बनवणं कायद्याने गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

पायरी ५: पावसाळ्यासाठी तयारी

आपल्या नोटांचा कागद कापसाचा असतो. तो चिवट आहे, पण ओल पितो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे चार महिने संग्रहाचे खरे शत्रू. बुरशीचे पिवळे-तपकिरी ठिपके एकदा पडले की जात नाहीत.

नोटा पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात ठेवा. विकत घेताना ‘पीव्हीसी-फ्री’ असं छापलेलं बघा. स्वस्त, वासाची, मऊ प्लास्टिकची पाकिटं काही वर्षांनी चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. चिकट पानांचे फोटो अल्बम तर मुळीच नकोत. फाटलेल्या नोटेला सेलोटेप लावू नका, ती फाटलेलीच राहू द्या. लॅमिनेशन केलेली नोट संग्रहातून गेली असंच समजा.

अल्बम उभा ठेवा, भिंतीला न टेकवता, कपाटाच्या मधल्या खणात. सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या महिन्यातून एकदा बदला. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकायची आपल्याकडे सवय आहे, पण प्लास्टिकच्या पाकिटांना त्या मानवत नाहीत, म्हणून अल्बमच्या खणात त्या नकोत. कोरड्या दिवशी अल्बम उघडून पानं उलटत राहणं हाच कसरीवर चांगला उपाय. नोट हाताळताना हात धुवून पुसलेले असावेत आणि बोटं कडांवरच.

पायरी ६: नोंद ठेवा, आणि खऱ्या जुन्या नोटा बघायला जा

प्रत्येक नोटेमागे एक चिठ्ठी: किंमत, सही, वर्ष असल्यास वर्ष, इनसेट अक्षर, कुठे मिळाली, किती दिले, आणि प्राणी कोणता. नोंद पेन्सिलीने, वेगळ्या कागदावर, नोटेवर कधीही नाही.

डोळा तयार करायला मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मौद्रिक संग्रहालय आहे. सहाव्या जॉर्जच्या मालिकेपासूनच्या नोटा तिथे काचेमागे, नीट प्रकाशात बघायला मिळतात. नाशिकला जाणं झालं तर त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. तिथे भर नाण्यांवर आहे, पण पैशाकडे बघायचं कसं ते तिथे शिकता येतं. नाशिक रोडचा नोटांचा छापखाना १९२८ पासून चालू आहे. आत जाता येत नाही, पण तुमच्या संग्रहातल्या कितीतरी नोटा तिथूनच निघालेल्या असतील.

पायरी ७: शेजारी बघा

भारतीय गट बऱ्यापैकी भरला की पुढचा देश नेपाळ घ्या, दुसरा कुठला नको. आपण प्राणी काढले, त्यांनी ठेवले. पाचवर याक, दहावर काळवीट, वीसवर बारासिंगा, पन्नासवर हिमबिबट्या, शंभरवर गेंडा, पाचशेवर वाघ, हजारावर हत्ती. आपल्या दहाच्या नोटेवर दाटीने बसवलेल्या तिघांना तिथे प्रत्येकी स्वतंत्र नोट मिळाली आहे. पन्नासच्या नोटेवर आधी हिमालयी थार होता, तोही जुन्या नोटांत शोधता येतो.

१९९३ पासून नेपाळी रुपयाचा दर आपल्या रुपयाशी बांधलेला आहे, शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी. म्हणजे पाचपासून शंभरपर्यंतच्या पाचही नोटांना सव्वाशे भारतीय रुपयांच्या आत पैसे लागतात. काठमांडू-पोखऱ्याला जाणारं ओळखीचं कोणी असेल तर त्यांना घडी न घातलेल्या नोटा मागा आणि जाताना सोबत एक जाड पुठ्ठ्याचं पाकीट द्या.